टाकीवाल्याचं शेवटचं वाक्य

त्या मालिकेत सगळ्यांना नावं होती, मला सोडून. कप्तानाला होतं, त्याच्या दोन यंत्रमानवांना होतं, काचेच्या बरणीत ठेवलेल्या एका हिरव्या बुरशीलासुद्धा होतं. मी नुसता टाकीवाला. पृथ्वी सोडून लांब निघालेल्या यानात पाण्याची टाकी बघणारा माणूस. कुणाला किती पाणी सोडायचं, वॉल्व्ह कधी उघडायचा, कुणी चोरून जास्त घेतलं तर ओरडायचं, एवढंच काम. आता सोलापुरातल्या माणसाला याला अभिनय कशाला लागतोय? आमच्याकडं नळाला पाणी यायचं असतं त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस टाकीवालाच असतं.

मी काही नट नाही. सात रस्ता चौकाजवळ आमचं भांड्यांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, ते गेल्यावर अव्वानं चालवलं, आणि आता अव्वा गल्ल्यावर बसते आणि मी उभा असतो. अव्वा म्हणजे माझी आई. मी उभा असतो म्हणजे मला बसवतच नाही. लहानपणापासून हीच खोड. गिऱ्हाईक नसलं की मी डबे काढून परत लावतो, ताटांच्या चळतीवर नखानं टिंगटिंग करत फिरतो, दारापर्यंत जाऊन येतो. अव्वा म्हणते, ह्याला पाळण्यात सुद्धा दोरी बांधून ठेवावं लागत होतं.

तर एकदा दोन पोरं दुकानात आली आणि इडलीपात्रं बघायला लागली. बघायला म्हणजे काय, उलटी धरून, आडवी धरून, मान वाकडी करून. मग चाळण्या मागितल्या, त्या डोळ्याला लावून बघितल्या. मग म्हणाले, काका, भिंतीवर ठोकली तर यातली कुठली चांगली दिसेल? माझं डोकं फिरलं. म्हणालो, इडल्या करायच्यात का भिंत बांधायची आहे, एकदा ठरवा. तेव्हा कळलं की मोहोळच्या रस्त्याला एका बंद गोदामात अंतराळयान उभं राहतंय, आणि त्या यानाच्या भिंतींना आमची भांडी लागणार आहेत.

माल पोचवायला मीच टेम्पोत बसून गेलो. जाऊन बघतो तर आमच्या नव्याकोऱ्या पराती आतल्या बाजूनं बाहेर करून ठोकलेल्या, इडलीपात्रांच्या खळग्यांत लाल-निळे दिवे, आणि एक इसम ड्रिल घेऊन चकचकीत पिंपाला भोकं पाडतोय. चांगल्या पिंपाला असं भोक पाडलेलं मला बघवेना. मी तिथंच पिंपाजवळ उभा राहून त्याला फैलावर घेतलं. मागून एक मुलगी आली, पंचविशीतली असेल, डोक्यावर टोपी, हातात कागद. तीच दिग्दर्शक होती. मला वाटलं आता हाकलून देणार. ती शांतपणे माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि म्हणाली, काका, हा राग असाच ठेवता येईल का तुम्हाला?

तिचं म्हणणं असं पडलं की यानात सगळेच शांत, सगळेच हुशार, सगळे ताऱ्यांबद्दल बोलतात. एक तरी माणूस असा पाहिजे की ज्याला ताऱ्यांचं काही पडलेलं नाही, पाणी सांडलं की ज्याचं डोकं उठतं. असा मी अंतराळात गेलो. माझी बायको म्हणाली, आयुष्यभर तुमच्या रागानं आमचं नुकसान केलं, एकदाचा कुणाला तरी फायदा झाला.

अव्वाला सांगितलं तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला: त्यात शेवटी परत येतात का?

हे ती का विचारत होती, ते सांगायला पाहिजे. त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

अव्वा अक्कलकोटच्या पलीकडच्या गावची. दुकानात आमचं सगळं मराठीत चालतं, पण चुलीजवळ आणि उंबऱ्यावर कानडी. उंबऱ्यावरची कानडी तर ठरलेलीच. घरातून कुणीही बाहेर पडलं, मग ते पुण्याला चाललेलं असो की कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला, त्यानं म्हणायचं, "होगि बर्तीनि." जाऊन येतो. आणि घरात जे कुणी असेल त्यानं म्हणायचं, "होगि बा." जाऊन ये. एकानं म्हटल्याशिवाय दुसऱ्यानं म्हणायचं नाही, आणि दुसऱ्यानं म्हटल्याशिवाय पहिल्यानं पाय उचलायचा नाही. मी शाळेत असताना कितीदा चप्पल घालून दारात ताटकळत उभा राहिलोय, कारण अव्वा आत भाकरी थापत होती आणि तिचं उत्तर आलं नव्हतं.

माझा मोठा भाऊ, अण्णा, आमच्या घरातला पहिला इंजिनियर. वडील गेल्यावर त्याचं म्हणणं होतं की दुकान विकून अव्वानं त्याच्याबरोबर परदेशी राहायला यावं. त्याचं म्हणणं वाईट नव्हतं. पण अव्वाला दुकानातून उठवणं म्हणजे भिंतीतला दगड काढण्यासारखं होतं. दोघांची धुसफूस आठवडाभर चालली. शेवटी जायच्या दिवशी, दुकानाच्या उंबऱ्यावर, खांद्याला बॅग अडकवून अण्णा म्हणाला, "तुला दुकानच पाहिजे ना? मग बस दुकानात. मी जातो."

जातो. मराठीत, स्वच्छ, एका घावात. अव्वाचं तोंड उघडलं होतं, होगि बा म्हणायला. ते तसंच राहिलं. अण्णा गेला आणि त्यानंतर आला नाही. बारा-तेरा वर्षं झाली. सणासुदीला मला फोन करतो, अव्वा कशी आहे विचारतो, मी बरी आहे म्हणतो. अव्वाला फोन द्यायला गेलो की ती हात झटकते. भांडणाबद्दल ती कधी बोलली नाही. दुकान, परदेश, बाकी सगळं तिच्या डोक्यातून गेलंय. राहिलंय एवढंच: "जातो म्हणला."

मधे तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग हृदयाचं झालं. दवाखान्यात पडल्या पडल्या ती मला म्हणाली होती, "मला त्यानं हितं राहायला नको हाय. एकदा येऊन नीट जाऊ दे."

लोकांना मुलगा परत यावा असं वाटतं. माझ्या आईला तो नीट जावा असं वाटत होतं. आणि हे मी अण्णाला फोनवर कसं सांगायचं? एक वाक्य म्हणायला विमानानं ये? मी सांगितलं नाही. आणि सांगून म्हणवून घेतलं असतं तर अव्वाला ते चाललंही नसतं. हा असा काटा आमच्या घरात रुतून बसला होता, आणि त्यामुळं असेल, माझं हे फिरणं आणि टिंगटिंग करणं वयाबरोबर वाढतच चाललं होतं.

तर यान. सात भागांत मी ओरडत होतो. यंत्रमानवांवर ओरडलो, कप्तानावर ओरडलो, बुरशीला पाणी घालायला एक शास्त्रज्ञ बाई आली तिच्यावर ओरडलो. आठव्या भागात टाकीवाला मरतो असं ठरलं होतं. यानाच्या बाहेरच्या अंगाला टाकी फुटते, ती बुजवायला कुणीतरी बाहेर जायला पाहिजे, आणि एकदा दार लागलं की ते आतून परत उघडता येत नाही. यंत्रमानव महाग, कप्तान मोलाचा. मग टाकीवाला जातो. जाताना दारात थांबतो, सगळ्यांकडं बघतो आणि म्हणतो: मी जातो.

कागदावर ते दोन शब्द वाचले आणि मी कागद उलटा करून ठेवला. चित्रीकरणाच्या दिवशी मी दाराशी उभा राहिलो. चंदेरी कपडे, पाठीवर नळ्या, डोक्याला आमच्याच दुकानातल्या तपेलीचं केलेलं शिरस्त्राण. सगळे शांत झाले. मी म्हणालो, "मी..." आणि पुढं आवाजच निघेना. परत घेतलं. मी. परत घेतलं. मी. दिग्दर्शक मुलगी जवळ आली, पाणी दिलं, म्हणाली काका, दोनच शब्द आहेत.

मी म्हणालो, येतो म्हटलं तर चालेल का? मराठी माणूस येतो असंच म्हणतो. ती खाली बसली माझ्यासमोर. हुशार पोरगी होती, तिच्यावर मला रागही धरता येईना. म्हणाली, तो येणार नाहीये, आणि त्याला ते माहीत आहे. येतो म्हणाला तर तो खोटं बोलतोय असं होईल, आणि हा माणूस सात भागांत एकदाही खोटं बोललेला नाही.

तिचं बरोबर होतं. माझं काय अडत होतं ते मला सांगता येत नव्हतं. एका पोरीला, जिला मी नीट ओळखतही नाही, काय सांगायचं? की माझ्या आईच्या घरात हा शब्द एकदाच कुणीतरी बोललं आणि अजून आम्ही त्याच्यातून वर आलेलो नाही? मी उठलो. अंगात नुसती तगमग. घाम तपेलीच्या आत साचून कानात उतरत होता. म्हटलं घ्या, घेऊन टाका एकदाचं.

दार उघडलं. पलीकडं काळा पडदा आणि पंख्याचा वारा. मी वळलो, दोन्ही यंत्रमानवांकडं बघितलं. त्यांच्या छातीवर आमच्या चाळण्या होत्या. कप्तानाच्या मागं आमच्या पराती. ज्या भिंतीकडं तोंड करून मी उभा होतो ती सगळी आमच्या दुकानाची होती. उंबरा होता, मी बाहेर निघालो होतो, आणि समोर घरची भांडी होती. तोंडातून आपोआप निघालं: "होगि... बर्तीनि." मधेच आवंढा आला, त्यामुळं तुटून निघालं. आणि सवयीनं मी उत्तराची वाट बघत उभा राहिलो.

उत्तर कोण देणार? यंत्रमानव गप्प. मी उभाच. मग दार लागलं.

 मग ती मुलगी धावत आली. तिला वाटलं मी तयारी करून आलोय, टाकीवाल्यासाठी एक वेगळी भाषाच रचून आणलीय. विचारायला लागली, काका, ही कुठल्या ग्रहावरची? मी म्हणालो, अक्कलकोटच्या बाजूची. सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला. मीही मग खुलासा करत बसलो नाही, इतका थकलो होतो. तिनं तेच वाक्य ठेवलं. म्हणाली, याचा अर्थ कुणाला कळणार नाही, पण हा माणूस दारात कशाची तरी वाट बघतोय हे सगळ्यांना कळेल.

आता माझी काय चूक झाली होती हे मला घरी येताना टेम्पोत कळलं. मी येतो म्हणालो होतो. जाऊन येतो. त्या दिग्दर्शक पोरीला जे नको होतं तेच.

तो भाग आम्ही सोमवारी दुपारी बघितला, दुकान बंद असतं त्या दिवशी. अव्वा खुर्चीत, बायको खाली, मी अर्थात उभा. मालिका टीव्हीला जोडलेल्या मोबाइलवर चालली होती आणि खाली इंग्रजीत अर्थ लिहून येत होता. टाकी फुटली, मी कपडे चढवले, दारात आलो, वळलो. होगि... बर्तीनि. खाली काय लिहून आलं म्हणून अव्वानं विचारलं. मी वाचून सांगितलं: परग्रहावरची भाषा.

अव्वा म्हणाली, अक्कलकोट कधीपासून परग्रहावर गेलं?

बायको हसायला लागली, मीही हसलो. पण अव्वा हसत नव्हती. पडद्यावर मी अजून दारात उभाच होतो, वाट बघत. आणि अव्वा खुर्चीतून थोडी पुढं वाकून, रोज मला म्हणते तशी, साध्या आवाजात टीव्हीला म्हणाली, "होगि बा."

तेवढ्यात दार लागलं. तिनं विचारलं, दार कोण लावलं? मी म्हणालो, आपोआप लागतं ते. ती म्हणाली, असं कसं आपोआप, माणूस बाहेर हाय की. मग तिनं पदर तोंडाला लावला, आणि मी तिथून उठून, म्हणजे मी उभाच होतो, तर गच्चीवर गेलो आणि पाण्याची टाकी भरलीय का बघून आलो. टाकी भरलेली होती. मी उगीच झाकण लावलं आणि काढलं.

पुढच्या भागात माझ्या जागी एक आपोआप चालणारा वॉल्व्ह बसवला होता. एकानंही टाकीवाल्याचं नाव काढलं नाही. नाव नव्हतंच म्हणा. पण तरी, सात भाग ज्याच्या हातचं पाणी प्यायलात त्याच्याबद्दल एक वाक्य? मला त्या कप्तानाचा असा राग आला की दुकानात कुणी परात मागितली तरी मला त्याचं तोंड दिसायचं. अव्वा मात्र रोज चहा पिताना विचारायची, तो आला का? तिला सगळं कळत होतं. मुद्दाम विचारायची. मी म्हणायचो, नाही अजून. ती म्हणायची, येईल की, म्हणून गेलाय.

दरम्यान त्या वाक्याचा तुकडा मोबाइलवर फिरायला लागला. लोक डोकं लढवत होते. कुणी म्हणे ही रचलेली भाषा आहे, कुणी म्हणे उलटी वाजवली तर संस्कृत ऐकू येतं. शेवटी कानडी मुलुखातल्या कुणीतरी खाली लिहिलं की अरे बाबांनो, हे आमच्या घरी रोज म्हणतात. मग हसण्याचे ढीग. मालिकेच्या लोकांची फजिती झाली, त्या मुलीनं मला फोन करून खूप हसून घेतलं आणि मग विचारलं, काका, खरं सांगा, त्याचा अर्थ काय होता? मी सांगितला. ती म्हणाली, म्हणजे तो येतो म्हणाला. मी म्हणालो, हो. ती म्हणाली, बरं झालं मला तेव्हा माहीत नव्हतं.

आणि मग अण्णाचा निरोप आला. फोन नाही, नुसता लिहिलेला निरोप: अव्वाचं वाक्य टीव्हीवर कशाला म्हणालास?

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अव्वाचं वाक्य! म्हणजे आठवतंय तर. मग इतकी वर्षं काय तोंडात गुळणी धरली होती? मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. दुकानभर फेऱ्या मारल्या. अव्वा म्हणाली, ते टिंगटिंग बंद कर, डोकं उठलं. मी बाहेर रस्त्यावर जाऊन सरळ फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोललो. तुझ्या नावावर लिहून दिलंय का ते वाक्य, मी पण त्याच पोटचा आहे, वगैरे. रिक्षावाले बघायला लागले.

अण्णानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, तसं नाही रे. इथं एकानं मला तो तुकडा दाखवला, तुझ्या देशातली मालिका म्हणून. तू बोललास आणि मला खरंच परग्रहावरचं वाटलं. एक क्षण मला अर्थच लागेना. मग लागला. "माझ्या आईची भाषा, आणि मला अर्थ लागायला वेळ लागला," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. माझा सगळा राग तिथंच रस्त्यावर गळून पडला. तो म्हणाला, येऊ का? मी म्हणालो, मला काय विचारतोस, दुकान उघडंच असतं.

तो आला. दारात उभा राहिला, केस पिकलेले, पोट सुटलेलं. अव्वानं त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, "ऊट आतेन?" जेवण झालं का. नाही म्हणाला. तिनं ताट वाढलं. रडणं, मिठ्या मारणं, असलं काही झालं नाही. मला वाटलं होतं होईल. झालं नाही म्हणून मला उलट जास्तच धास्ती वाटायला लागली.

कारण अव्वाला काय पाहिजे ते मला माहीत होतं. तो आला, हे अर्धंच होतं. आता तो जाणार होता, आणि जाताना काय म्हणतो यावर सगळं होतं. म्हणाला तर काटा निघणार. विसरला, नुसता हात हलवून गाडीत बसला, तर? अव्वाचं वय बघता परत ही वेळ येईल याचा काय भरवसा? मी बायकोला म्हणालो, मी त्याला हळूच आठवण करून देतो. ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, तुम्ही शिकवलेलं तो म्हणणार आणि त्या ऐकणार, ते नाटक झालं. तुमचं यान संपलं आता, गप्प बसा.

गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. पण बसलो. ते दिवस कसे काढले माझं मला माहीत. अण्णा दुकानात येऊन बसायचा, गिऱ्हाइकांना चुकीचे डबे दाखवायचा, अव्वा त्याला दुरुस्त करायची. एकदा तो म्हणाला, अव्वा, दुकानाचं... आणि थांबला. माझ्या हातातला झारा मी घट्ट धरला. अव्वानं मान वर केली. तो म्हणाला, दुकानाचा रंग उडालाय, या दिवाळीला देऊ या का? अव्वा म्हणाली, हिरवा नको. मी झारा जागेवर ठेवला.

जायच्या दिवशी सकाळी अव्वा नेहमीच्या वेळी उठली, आवरलं, आणि घरातून त्याला निरोप न देताच दुकानात जाऊन बसली. मला कळलं ती काय करतेय. जिथून तो गेला होता, तिथूनच त्यानं जायला पाहिजे होतं. अण्णालाही कळलं असेल. गाडी त्यानं दुकानासमोर आणायला सांगितली. बॅग आत ठेवली आणि उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. आत अव्वा गल्ल्यावर, मी ताटांच्या चळतीपाशी. माझं नख ताटावर टेकलेलं होतं, पण मी वाजवलं नाही.

"अव्वा, मी..." अण्णा म्हणाला, आणि अडकला.

बरोबर तिथंच, जिथं मी अडकलो होतो. मला वाटलं आपणच ओरडून सांगावं. गाडीवाल्यानं हॉर्न दिला. अव्वा त्याच्याकडं बघत होती, तोंड किंचित उघडं, जसं त्या दिवशी राहिलं होतं तसं. अण्णानं एकदा माझ्याकडं बघितलं, मग मागच्या परातींकडं, चाळण्यांकडं. मग म्हणाला, "होगि... बर्तीनि." माझ्यासारखंच, मधे तुटून. इतक्या वर्षांत त्याची कानडी गंजली होती. ती त्यानं टीव्हीवरून, माझ्या तोंडून उचलली होती, आवंढ्यासकट.

 अव्वानं चष्मा काढून पुसला, परत लावला. मग मराठीतच म्हणाली, "टीव्हीतला पण असंच म्हणून गेला. अजून आला न्हाय."

अण्णा म्हणाला, "त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं, अव्वा."

"मी दिलं होतं," अव्वा म्हणाली. "त्याला ऐकू गेलं नसंल."

आणि मग ती गल्ल्यावरून उठली, दोन्ही हात लाकडावर टेकून, आणि असल्या मोठ्या आवाजात म्हणाली की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला. "होगि बा." मग विचारलं, ऐकू आलं? अण्णानं मान हलवली.  माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते मी लपवलं नाही. तो गाडीत बसला, गाडी सात रस्त्याच्या गर्दीत शिरली, आणि अव्वा खाली बसून गिऱ्हाइकाला कुकरची शिट्टी काढून द्यायला लागली.

दुपारी जेवायच्या वेळेला आम्ही दुकान बंद करतो. सगळा बाजारच करतो. मी कुलूप घेतलं आणि शटर ओढायला हात वर केला.

अव्वा म्हणाली, "राहू दे उघडं."